मन अडखळतं तिथे

"समजलं का, तेजलताई?"

"हो मॅडम, समजलं."

शलाका बनसोडेने मान तिरकी करून तेजलच्या कपाळाकडे पाहिलं. कपाळावरच्या पट्टीतला मणी विझल्या वातीसारखा काळा होता.

"तुमचं तोंड हो म्हणतंय आणि कपाळ नाही म्हणतंय. मी ऐकू कुणाचं?"

वर्गात खसखस पिकली. तेजलचे कान तापले. शिकवणारी तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, आणि तेजल अडतिशीची. त्यातून खाली मंगल कार्यालयात कुणाचं तरी लग्न लागत होतं. खिडकीतून मसालेभाताचा वास आणि सनईचा आवाज वर येत होता. संगमनेरात जागा मिळाली ती एवढीच, म्हणून वर्ग कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचा.

या वर्गात वेबसाइटची पानं करायला आणि त्यामागचे प्रोग्रॅम वाचायला शिकवत. वाचायला, हे महत्त्वाचं. कारण लिहिण्याचं काम तोवर सगळं यंत्रांकडे गेलं होतं. दूध संघासाठी पान हवं म्हणावं, की चहाचा कप खाली ठेवायच्या आत पान तयार. अडचण वेगळीच होती. यंत्राने लिहिलेलं इतकं नीटनेटकं दिसायचं, की तपासायला बसवलेली माणसं नुसती नजर फिरवून 'ठीक' म्हणून मोकळी होत. त्यातून व्हायचे ते घोळ झाले, काही माणसांच्या जिवावर बेतले, आणि मग कायदा आला. लोकांच्या उपयोगाचा कुठलाही प्रोग्रॅम चालू करण्याआधी तो एका माणसाला खरोखर समजलेला असला पाहिजे. त्या माणसाला 'वाचक' म्हणू लागले.

पण समजलं की नाही, हे ठरवायचं कसं?

त्याचं उत्तर मेंदूत फार आधी सापडलेलं होतं. 'आईने पोळीवर तूप वाढलं' हे वाक्य ऐकताना मन सरळ पुढे जातं. 'आईने पोळीवर छत्री वाढली' असं म्हटलं, की अर्धा सेकंद व्हायच्या आत मेंदूत विजेचा एक बारीक तरंग उठतो. मन अडखळतं. हा तरंग आपल्या हातात नसतो. तो आणता येत नाही आणि दाबताही येत नाही. ज्याला वाक्य कळत नाही त्याच्या डोक्यात छत्रीनेही काही हलत नाही. पूर्वी हा तरंग टिपायला प्रयोगशाळा, डोक्यावर तारांची टोपी, कसली कसली मलमं लागत. आता त्याची कापडी पट्टी झाली होती. मन अडखळलं की पट्टीतला मणी केशरी लुकलुके.

मग परीक्षा सोपी झाली. प्रोग्रॅममध्ये मुद्दाम काही चुकीच्या ओळी पेरायच्या. शलाका त्यांना 'खडे' म्हणे. तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या बोटाला खडा लागतोच. तसं समजून वाचणाऱ्याचं मन खड्यापाशी अडखळतंच. नुसत्या नजर फिरवणाऱ्याला सगळं सारखंच.

तेजलला एकही खडा लागत नव्हता.

पतसंस्थेतलं तिचं काउंटरचं काम यंत्राने नेलं, तेव्हा ती या वर्गात आली. वाचकाला पदवीची अट नव्हती, आणि मन लावून शिकायची तिची तयारी होती. रात्रंदिवस खपत होती बिचारी. पण मणी काही हलेना.

लग्नाची पंगत बसली आणि गलका थोडा कमी झाला, तेव्हा शलाका तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "वाचा बरं पुन्हा. मी नुसती बघते."

तेजल वाचू लागली. थोड्या वेळाने शलाका हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही डुलताय."

"अं?"

"आणि ओठ हलतायत. तुम्ही हे चालीत म्हणताय का?"

तेजलने जीभ चावली. रोज आंघोळ झाली की देवापुढे बसून पोथीचा एक अध्याय वाचल्याशिवाय ती तोंडात पाणीही घेत नसे. लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. सासूबाई गेल्या, त्यांच्या माघारी पोथी तिच्याकडे आली. डोळे ओळींवरून पळत, जीभ आपली धावत असे, आणि कान कुकरच्या शिट्ट्यांकडे. प्रोग्रॅमच्या ओळीही तिने त्याच लयीत घातल्या होत्या.

आता ही पोरगी हसणार, असं तिला वाटलं. शलाका हसली नाही.

"माझी आई बुद्धवंदना म्हणते ना, तेव्हा अशीच डुलते. त्यात वाईट काही नाही. तिथे शब्द आपल्याला सांभाळतात. इथे मात्र शब्दांना आपण सांभाळायचं." मग ती उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तेजलताईंना आजपासून 'हो' म्हणायला बंदी. समजलं तर स्वतःच्या शब्दांत सांगायचं. नाही समजलं तर तसं सांगायचं. लाजायचं नाही."

म्हणायला सोपं होतं. तेजलचा जन्म 'हो' म्हणण्यात गेला होता. माहेरी मोठ्यांचं बोलणं संपायच्या आत हो, सासरी तर त्याआधीच. 'नाही समजलं' हे दोन शब्द तोंडातून काढायला तिला पहिल्यांदा किती कष्ट पडले! पण एकदा ते निघाले आणि तिला मोकळं वाटलं. मग ती हरेक गोष्ट आपल्या शब्दांत मांडून पाहू लागली. वेबचं पान म्हणजे नैवेद्याचं ताट, असं तिने मनाशी धरलं. ताटात काय काय आहे ते सांगणारी भाषा एक. मीठ वर, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, हे सांगणारी दुसरी. आणि कुणी काही मागितलं तर काय वाढायचं, कुणाला नको म्हणायचं, हे ठरवणारी तिसरी. ही तिसरीच खट्याळ. शब्दाला शब्द धरून वागणारी; आपण चुकीचं सांगितलं तर निमूट चुकीचंच वाढणारी.

आणि एका सकाळी एका अर्जाचं पान वाचता वाचता ती थांबली. "मॅडम, हे... 'रद्द करा' दाबलं की अर्ज रद्द व्हायला हवा. इथे तर तो पाठवला जातोय."

मणी केशरी लुकलुकला. अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. शलाकाने दोन्ही हात जोडून छताकडे पाहिलं, "लागला गं बाई खडा!"

दुसऱ्या दिवशी पोथी वाचताना तेजल एका ओवीपाशी अशीच थांबली. इतकी वर्षं रोज भेटणारी ओवी. त्या दिवशी ती पहिल्यांदा तिच्याशी बोलली. तेजल अर्थ घोळवत बसून राहिली आणि आत भात करपला.

*

घरी तिघं होती. तेजल, तिचा नवरा हृषीकेश आणि सासरे. लेक लोणीला वसतिगृहात शिकत होती.

सासऱ्यांना सगळे तात्या म्हणत. रंगनाथ वाकचौरे. जन्मभर एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. अकोल्याची गाडी, नाशिकची गाडी, शिर्डीची गाडी कुठे लागली ते कर्ण्यावरून सांगायचं काम. आवाज असा, की झोपलेला उतारू दचकून उठावा. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. एकच उरला होता, 'फलाट'. भूक लागली तरी फलाट, पाणी हवं तरी फलाट, राग आला की दणदणीत फलाट. पाहुण्यांना हसू आवरत नसे. तपासणाऱ्या डॉक्टरांनी काही विचारलं, तरी उत्तर तेच. 'समजही फारशी उरलेली दिसत नाही,' असं ते म्हणाले, आणि घराने ते धरून ठेवलं. तात्या काही बोलू लागले की जो तो म्हणे, 'हो, हो तात्या,' आणि आपल्या कामाला लागे.

वर्ग संपत आला तशी नाशिकला वाचकाची जागा निघाल्याची बातमी आली. शेवटचं काम मान्य झालं तर तेजलला ती मिळण्यासारखी होती. हृषीकेश दुधाच्या शीतकरण केंद्रात होता; त्याचीही सिन्नरला बदली जमत होती. प्रश्न एकच होता, आणि तो खिडकीपाशी आरामखुर्चीत बसला होता.

"नाशिकला एक शुश्रूषा केंद्र बघितलंय मी," हृषीकेश चहा पिता पिता म्हणाला. तात्या दोन हातांवर होते. "आपण दोघंही दिवसभर बाहेर. यांच्याजवळ बसणार कोण? तिथे सगळं बघतात. आणि यांना काय, इथे काय नि तिथे काय. काय कळतंय त्यांना?"

"हो," तेजल म्हणाली.

"फलाट," तात्या म्हणाले.

"हो, हो तात्या."

कपबशा विसळताना तेजलचे हात थांबले. आपण आत्ता 'हो' म्हणालो. कशाला म्हणालो? तात्यांना काही कळत नाही, हे आपल्याला समजलंय का? की डॉक्टरांनी म्हटलं, यांनी म्हटलं, म्हणून आपणही म्हटलं? उत्तर देता येणं वेगळं आणि समजणं वेगळं, हे तर आपण महिनोन्‌महिने शिकतोय. वर्गात आपण 'समजलं' म्हणत होतो आणि कळत काही नव्हतं. मग याच्या उलट का नसेल? ज्याला 'समजलं' म्हणता येत नाही, त्याला सगळं कळत असेल तर?

*

शलाकाने सरावाची पट्टी घरी न्यायला दिली. वर बजावलं, "एकदा लुकलुकला म्हणून नाचू नका. योगायोगही असतो. वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकवा, क्रम बदलून. आणि लक्षात ठेवा, ही पट्टी मनातलं वाचत नाही. मन अडखळलं, एवढंच सांगते."

दुपारी तेजलने तात्यांच्या पाया पडून पट्टी त्यांच्या कपाळाला बांधली. "तात्या, थोडी गंमत करतेय हं. नुसतं ऐका."

तात्यांनी डोळे बारीक केले.

"आज सकाळी मी अंगणात... सडा घातला."

मणी काळा.

"आज सकाळी मी चहात... वाळू घातली."

मणी लुकलुकला. शिवाय तात्यांनी सुनेकडे असं पाहिलं, जणू मनात म्हणत होते, हिला आता नाशिकला कामावर घेणारे लोक तरी कसे असतील. "फलाट?" त्यांनी विचारलं.

तेजलला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. ती वाक्यं बदलत गेली. दरवाजाला कडी, दरवाजाला आमटी. कुत्रं भुंकलं, कुत्रं उकळलं. जिथे खडा तिथे मणी पेटायचा, एरवी शांत. संध्याकाळी हृषीकेश आला तेव्हा तिने त्याला चपलाही काढू दिल्या नाहीत.

त्याचा विश्वास बसेना. "वायर सैल असेल."

"वायर नाहीच आहे त्यात. तुम्ही विचारा ना काहीतरी. मला माहीत नाही असं."

तो तात्यांसमोर बसला. म्हणाला, "तात्या, मी लहान असताना तुम्ही मला पोहायला शिकवलं ते... विहिरीत."

मणी लुकलुकला.

"तुम्ही मला पोहायला शिकवलं ते... प्रवरेत."

मणी शांत. तात्यांनी डावा हात पुढे करून मुलाच्या पोटाखाली धरावा तसा हवेत धरला.

हृषीकेश उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता. "म्हणजे दोन वर्षं हे सगळं ऐकतायत. मी फोनवर कुणाकुणाशी काय काय बोललो यांच्यासमोर... 'सुटले तर बरं' म्हणालो होतो मी तेजल, इथे, या खुर्चीपाशी उभा राहून." तो मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. बाहेर आला तो कंगवा घेऊन, आणि बापाचे केस विंचरू लागला. तात्यांनी मान थोडी खाली केली, त्याला नीट पोचावं म्हणून.

*

त्या दिवसापासून हृषीकेशचा सूर बदलला. "केंद्राचं नाव काढायचं नाही आता. तात्या आपल्याबरोबर येणार. माणूस ठेवू दिवसभराचा."

"आपण ठरवण्याआधी त्यांना विचारू या ना," तेजल म्हणाली. "मी त्यासाठीच पान करतेय. माझं शेवटचं काम म्हणून तेच देणार आहे."

वर्गाचा नियम होता, शेवटचं काम यंत्राची मदत न घेता, स्वतःच्या हाताने लिहायचं. तेजल स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिही. पुसे, पुन्हा लिही. तात्या आरामखुर्चीतून बघत असत. कल्पना साधी होती. पान अर्धं वाक्य बोलेल: 'यापुढे मी राहणार...' मग थोडं थांबेल. तेवढ्यात तात्यांनी मनातल्या मनात आपला शेवट लावायचा. मग पान एकेक शेवट ऐकवेल: नाशिकच्या केंद्रात, इथेच संगमनेरात, मुला-सुनेबरोबर नाशिकला. मनातला शेवट आला तर मन अडखळणार नाही; दुसरा आला तर अडखळेल. पुन्हा पुन्हा ऐकवून, जिथे मन सर्वांत कमी अडखळलं तो शेवट पान पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवेल.

पान पहिल्यांदा चाललं तो रविवार होता. तिने तात्यांना दोनदा समजावून सांगितलं, मगच सुरू केलं. थोड्या वेळाने पडद्यावर अक्षरं आली: 'मुला-सुनेबरोबर नाशिकला'.

"बघ! मी म्हणत नव्हतो?" हृषीकेशला आनंद आवरेना. लगेच बहिणीला फोन झाला, मावशीला झाला. तेजलने देवापुढे साखर ठेवली. एक तात्या तेवढे "फलाट, फलाट" करत राहिले. त्यांनाही आनंद झाला असणार, असं दोघांनी धरलं.

सोमवारी शलाकाने तिला पट्टी बांधायला लावली. "सांगा आता. आपल्या शब्दांत, ओळ न्‌ ओळ."

तेजल सांगू लागली. ताटात काय, कुठे काय, सगळं सुरळीत. मग उत्तर निवडण्याची जागा आली. "इथे ते एकेका शेवटाकडे जातं... 'आतापर्यंतचा सर्वांत कमी' जो असेल तो लक्षात ठेवतं... आणि—"

कपाळावरचा मणी लुकलुकला. शलाका पुढे वाकली. "हा खडा मी नाही टाकलेला."

तेजलने ओळ पुन्हा वाचली. मणी पुन्हा लुकलुकला. "मॅडम, 'आतापर्यंतचं' हे मी प्रत्येक फेरीत नव्याने कोरं करतेय. म्हणजे प्रत्येक शेवटाला वाटणार, आपणच सर्वांत कमी. आधीचं सगळं विसरून. मग जो शेवटी येईल तोच जिंकणार."

"आणि तुमच्या यादीत शेवटी कोण होतं?"

तेजलने तोंडावर हात ठेवला. तिच्या आणि हृषीकेशच्या मनातलं उत्तर तिने शेवटी लिहिलं होतं. पानाने तात्यांचं काही ऐकलंच नव्हतं. आणि ते "फलाट, फलाट" म्हणत होते, तेव्हा या दोघांनी हसून "हो, हो तात्या" केलं होतं.

"नापास का मी?"

"वेड्या आहात का?" शलाका म्हणाली. "मन कुठे अडखळलं ते तुम्हाला कळलं आणि तुम्ही तिथेच थांबलात. मी याच्यासाठीच तर शिकवते. ती एक ओळ उचलून फेरीच्या बाहेर ठेवा, आणि घरी जा."

*

ओळ बाहेर ठेवली, आणि उत्तर बदललं.

'नाशिकच्या केंद्रात.'

हृषीकेशने पडद्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "चुकलंय. मागेही चुकलं होतं."

"मागे पान नव्हतं चुकलं, मी चुकले होते."

"मग आताही चुकली असशील! तात्यांना घर सोडून तिथे कशाला जायचं असेल? मी त्यांना परक्यांच्या हाती देणार नाही. लोक तोंडात शेण घालतील माझ्या. आणि घालावंच!"

तेजल रागावली नाही. लॅपटॉप घेऊन ती नवऱ्याशेजारी बसली. "मी सगळं वाचून दाखवते. जिथे समजणार नाही तिथे थांबवा. नुसतं हो म्हणायचं नाही."

आणि दूध थंड ठेवण्यापलीकडे यंत्राशी कधी संबंध न आलेल्या माणसाला तिने तो प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सांगितला. देवळात एखादी ओवी घेऊन तिचं निरूपण करतात, तसा. एकेक ओळ घ्यायची, उलगडायची, रोजच्या संसारातला दाखला द्यायचा आणि पुढे जायचं. हृषीकेशने तिला किती तरी ठिकाणी थांबवलं. त्याने यादीचा क्रम उलटा करून पाहायला सांगितलं. उत्तर तेच. वेगळी वाक्यं घालून पाहायला सांगितली. तेच. शेवटी तो नुसता ऐकू लागला, आणि सांगणाऱ्या बायकोकडे असा पाहू लागला, जणू इतक्या वर्षांत ही बाई त्याने नीट पाहिलीच नव्हती.

"समजलं," तो म्हणाला. "पण का, तात्या?"

तात्यांनी ओठ हलवले. तेजलने घाईघाईने नवं वाक्य घातलं: 'मी केंद्रात राहणार, कारण मला...' आणि त्यापुढे त्या दोघांना सुचले ते शेवट. इथे त्रास होतो. तुमच्यावर भार व्हायचं नाही. तुमचा राग आलाय. हा तिसरा हृषीकेशने स्वतः लिहायला लावला.

सगळ्यांना मणी लुकलुकला. रागालाही. हृषीकेशने खोल श्वास सोडला.

"त्या केंद्राबद्दल तुम्ही यांच्यासमोर काय काय बोलला होतात?" तेजलने विचारलं.

"काय बोलणार? माहितीपत्रक वाचलं होतं मोठ्याने, तुला ऐकवायला. बाग आहे, जेवण शाकाहारी आहे, खोल्यांना ऊन आहे... आणि झटका आलेल्यांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई—" तो थांबला.

"रोज येतात?"

"रोज येतात."

संगमनेरात तशी बाई नव्हती. सुरुवातीला कुणी तरी आठवड्यातून एकदा येत असे. मग तेही बंद झालं, कारण समज नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. तेजलने तात्यांकडे पाहिलं. खिडकीतल्या त्या खुर्चीतून इतके महिने ते काय पाहत होते, हे तिच्या आता ध्यानात आलं. अडतीस वर्षांची सून टेबलाशी बसून ओळ लिहिते, चुकते, पुसते, पुन्हा लिहिते. पहिलीतल्या मुलीसारखी. आणि तिला येऊ लागतं.

तिने चौथा शेवट लिहिला आणि पान सुरू केलं.

'मी केंद्रात राहणार, कारण मला... पुन्हा बोलायला शिकायचंय.'

मणी शांत राहिला. पान पुन्हा बोललं, शांत. क्रम बदलला, मधे दुसरे शेवट घातले. ते लुकलुकले, हा शांत. तात्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. डाव्या हाताने स्वतःच पुसलं.

"नाशिकच्या घरीच त्या बाईंना बोलावलं तर नाही चालणार?" हृषीकेशने अगदी हळू विचारलं. मग तोच म्हणाला, "नाही. समजलं मला. वर्गात बसून शिकायचंय तुम्हाला."

*

तेजलला जागा मिळाली. नाशिकच्या त्या कार्यालयात तिच्यासारखेच पुष्कळजण होते. कुणी आधी शिलाई करायचं, कुणी टपालात होतं, एक तर कीर्तनात टाळ धरणारे गृहस्थ. सगळे कपाळाला पट्टी बांधून, गावोगावची पाण्याची, दवाखान्यांची, शाळांची पानं वाचत बसलेले. पाहणाऱ्याला वाटावं काही चाललेलंच नाही. पण तिथे कुणाचं मन कुठे अडखळलं, की दूरच्या कुठल्या तरी गावचा घोळ व्हायच्या आधीच टळायचा. शलाकाचे निरोप येत असत. तिच्या नव्या वर्गात सगळे म्हणे 'समजलं नाही' असंच म्हणतात, आणि तिला उसंत मिळत नाही.

तात्यांना केंद्रात जाऊन थोडे दिवस झाले होते. शिकवणाऱ्या बाई रेश्मा शेख. त्यांनी पहिले दिवस भेटायला येऊ नका असं सांगितलं होतं, म्हणून हृषीकेश रोज फाटकापर्यंत जाऊन परत यायचा. अखेर एका रविवारी बोलावणं आलं.

तात्या बागेतल्या बाकावर बसले होते. सदरा इस्त्रीचा, भांग काढलेला. समोर चित्रांचे पत्ते पालथे मांडलेले. रेश्माबाई जरा लांब उभ्या होत्या आणि त्यांना हसू लपवता येत नव्हतं.

"काहीतरी तयारी केलीय त्यांनी तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "ओठ मिटून उघडतात ते आवाज आधी येतात, म्हणून ब पासून सुरुवात केली."

हृषीकेश त्यांच्या पायाशीच बसला. ब पासून. बाळ म्हणत असत तात्या त्याला लहानपणी. तेजलने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तात्यांनी छाती भरून श्वास घेतला. ओठ मिटले. कपाळावरची शीर फुगली. एकदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा अर्धवट काहीतरी. रेश्माबाईंनी मदत केली नाही. नुसतं पाहत राहिल्या. तिसऱ्यांदा ते आलं. मोठ्याने, बागेतली चार माणसं वळून पाहतील असं.

"ब... टा... टा!"

आणि त्यांनी पत्ता उलटून बटाट्याचं चित्र मुलाच्या नाकासमोर धरलं.

"तात्या!" हृषीकेश रडता रडता ओरडला. "दोन वर्षांनी तोंड उघडलंत, आणि पोराला सोडून बटाटा?"

तात्यांचे खांदे गदगदा हलले. हसता हसता ते एका अंगाला कलले, तेव्हा तेजलने सावरलं. मग त्यांनी तो शब्द पुन्हा म्हटला, आणि पुन्हा. दर वेळी थोडा सोपा होत होता. हृषीकेशने पुढचा पत्ता उलटायला हात पुढे केला, तशी तात्यांनी त्या हातावर चापट मारली.

तो शब्द अजून यायचा होता. तो पत्ता त्यांनी डाव्या हाताने मांडीखाली सरकवून ठेवला, आणि त्याच हाताच्या बोटाने हवेत खूण केली: पुढच्या रविवारी या.